‘बापा’ म्हणायची भीती

आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टीला पटकन ‘हो’ म्हणालो, त्या त्या गोष्टीनं मला नंतर घाम फोडला आहे. शाळेच्या सहलीची जबाबदारी घेतली, तर परतताना बसमध्ये एक मुलगा जास्त भरला. तो दुसऱ्याच शाळेचा होता. गावातल्या क्रूसाच्या वाटेच्या देखाव्यात रोमी शिपाई झालो, तर तिसऱ्या ठिकाणी, जिथं ख्रिस्त पहिल्यांदा पडतो, तिथं त्याच्या आधी मीच पडलो. त्यामुळे गेल्या वर्षी पुतणी आली आणि म्हणाली, “काका, माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता तुम्हीच व्हायचं,” तेव्हा निदान पाणी पिऊन उत्तर द्यायला हवं होतं. मी तोंडातला घास गिळायच्या आत हो म्हणालो.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमची दोन्ही घरं वसईच्या पश्चिमेला एकाच वाडीत, मधे केळीची एक रांग. भाऊ वाडी बघतो, मी शाळेत भूगोल शिकवतो. ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, “बघितलंस? एवढ्या गोतावळ्यातून मलाच निवडलं.”

“त्याआधी कन्फेशनला जावं लागतं,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. “शेवटचं कधी गेला होतात?”

मी नारळ पडल्याचा आवाज आला असं सांगून बाहेर गेलो. पडला नव्हता.

शेवटचं कधी गेलो होतो ते मला दिवसासकट ठाऊक होतं. वडील वारले त्याच्या आदल्या रविवारी. म्हणजे अठरा वर्षं. आता आमच्यासारख्या गावात कॅथलिक माणूस अठरा वर्षं पापांची कबुली न देता कसा राहतो, असं कुणी विचारेल. कबुली दिली नाही तर मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची नसते, आणि कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहिलात तर मागच्या तीन रांगांतल्या बायका मिस्सा संपायच्या आत तुमचं काय बिनसलंय ते ठरवून मोकळ्या होतात. त्यावर मी तोड काढली होती. मी चर्चच्या पार्किंगचा स्वयंसेवक झालो. गळ्यात शिट्टी, अंगात भगभगीत हिरवं जाकीट. आत सगळे रांगेत उभे राहिले की मी बाहेर स्कूटर सरळ करत असे. सरळ असलेल्या स्कूटरसुद्धा सरळ करत असे. माझ्या सेवाभावाबद्दल मला दोनदा शाल मिळाली आहे. दोन्ही वेळा ती खांद्यावर घेताना माझे कान गरम झाले होते.

बाहेर उभं राहण्याचा आणखी एक फायदा होता. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, की मला ‘बापा’ हा शब्द उच्चारावा लागत नसे. लाउडस्पीकरमधून अख्खा गाव देवाला बापा म्हणे, आणि मी त्याच क्षणी शिट्टी वाजवी.

कारण सांगतो. हसून सांगायचा प्रयत्न केला होता एकदोनदा, जमलं नाही.

वडिलांना पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीपाशी. खिडकीतून विहीर दिसायची. त्या दिवशी सकाळी भाऊ फुलं घेऊन दादरच्या बाजारात गेला होता, आई स्वयंपाकघरात पेज करत होती. वडिलांनी मला जवळ बोलावलं आणि आमच्या बोलीत म्हणाले, मी इथं सर्वांना कळेल असं लिहितो, “फादरना फोन कर. तेल घेऊन या म्हणावं.”

तेल म्हणजे आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना लावतात ते पवित्र तेल. फादर येतात, प्रार्थना म्हणतात, कम्युनियन देतात, माणूस सुखानं जायला मोकळा होतो. वडिलांना तेवढंच हवं होतं. चर्च सायकलवरून सात मिनिटांवर. मी मोबाइल घेऊन विहिरीपाशी गेलो, कारण रेंज तिथंच यायची. त्या सकाळी ती पूर्ण होती.

मी फोन केला नाही.

सदतीस वर्षांचा, दोन पदव्या असलेला, मुलांना मोसमी वारे समजावणारा मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकच होतं. फादर तेल घेऊन दारात आले, की त्यांच्या मागून ते दुसरं आत येणार. फादरना नाही बोलावलं तर त्यालाही यायला वाट सापडणार नाही. हा असला विचार माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं पेपरात लिहिला असता तर मी वर्गात वाचून दाखवला असता. पण मी फोन खिशात घातला. मी आत गेलो आणि म्हणालो, “फोन लागत नाही.”

दुपारपर्यंत मी तीनदा विहिरीवर गेलो, तीनदा तेच येऊन सांगितलं. सायकलवरून जा असं आई म्हणाली, तेव्हा त्यांना सोडून जायला नको म्हणालो. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, “राहू दे. बस इथं.” मी बसलो. चारच्या सुमाराला ते गेले.

त्यानंतर ‘फोन लागला नाही’ ही आमच्या घराची अधिकृत कथा झाली. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगायची आणि पदर डोळ्यांना लावायची. तीही गेली आता, तीच कथा बरोबर घेऊन. भाऊ तर पेटलाच. त्यानं घरातल्या सगळ्यांची सिमकार्डं काढून विहिरीत टाकली आणि दुसऱ्या कंपनीची घेतली. अठरा वर्षं तो त्या पहिल्या कंपनीला शिव्या घालतो आहे. टीव्हीवर तिची जाहिरात लागली की चॅनेल बदलतो. एकदा तिचा विक्रेता दारात आला तर भावानं त्याला वाडीच्या फाटकापर्यंत पळवला होता. मी ओट्यावरून बघत होतो. तो बिचारा धावताना माझ्याकडे बघत होता, जणू मी तरी काही बोलेन.

मग देवाचं लेकरू म्हणवून घ्यायला मला तोंड कुठं होतं? लहानपणापासून शिकवलेलं मला सगळं पाठ आहे. बाप्तिस्म्यानं आपण देवाची मुलं होतो, वारस होतो वगैरे. पूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात चाळीस मुलांकडून मी ते घोकून घेतलं आहे. पण एका बापाला मरताना फसवणारा मुलगा दुसऱ्या बापाच्या दारात वारस म्हणून कसा उभा राहील? पार्किंगमध्ये उभा राहील. चाकराच्या जागी. तिथं मला बरं वाटायचं. बरं म्हणजे, कमी भीती वाटायची.

आणि कन्फेशनची भीती वेगळी होती. मी शिक्षक आहे. “खरं सांग, मी काही करणार नाही,” हे वाक्य मी हजारदा म्हटलंय, आणि त्यानंतर काय केलंय ते मला माहीत आहे.

पण बाळाचा प्रश्न होता. धर्मपित्यानं चर्चमध्ये सर्वांसमोर उभं राहून त्या पोराला देवाचं लेकरू व्हायला मदत करीन असं कबूल करायचं असतं. दुसऱ्याच्या पोराला त्या घरात न्यायचं आणि स्वतः फाटकाबाहेर शिट्टी वाजवायची, हे माझ्यासारख्या भामट्यालाही जमेना. नाही म्हणावं, तर पुतणी कारण विचारणार. भाऊ विचारणार. दोन्हीकडून मी सापडलो होतो.

शेवटी मी योजना केली. आपल्या गावचे फादर तरुण, मला रोज भेटतात, त्यांच्यासमोर बोलणं शक्य नाही. तेव्हा नायगावला जायचं. तिथं टॉवरांमागे नवं चर्च झालंय, सगळी माणसं कुठून कुठून आलेली, कोण कुणाला ओळखतो? ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला एक बुधवार ठरवला. एका चिठ्ठीवर पापं लिहिली. आमच्याकडे टोपली भरताना डागी माल मधे घालतात, तशी मोठी गोष्ट मी बरोबर मधोमध घातली. वर रागावणं, खाली आळस. डोक्यावर टोपी घातली, बायकोला म्हटलं, “बॅटरी बघायला जातो.” कन्फेशनला जाताना खोटं बोललो, म्हणजे चिठ्ठीत एक वाढलं.

चर्चमध्ये शिरलो आणि दारातच थबकलो. वाटलं होतं चार म्हाताऱ्या असतील. दीडदोनशे माणसं होती. आणि एका फादरऐवजी सहा. चारही कोपऱ्यांत, खांबांमागे खुर्च्या मांडून बसलेले, प्रत्येकापुढं रांग.

आता वसईतल्या कुठल्याही कॅथलिक पोराला हे ठाऊक असतं. उपवासकाळात चर्चं दिवस वाटून घेतात. आज या चर्चची सामुदायिक कबुली, तर आजूबाजूचे सगळे फादर इथं मदतीला येतात. उद्या त्या चर्चची, तर तिकडं. लोकांना अनोळखी फादरसमोर बोलता यावं म्हणूनच ही सोय. तेवढ्यासाठी मी आपल्याच गावात थांबलो असतो तरी चाललं असतं. कुठल्या दिवशी कुठं, ते रविवारी मिस्सेच्या शेवटी वाचून दाखवतात. त्या वेळी मी अठरा वर्षं बाहेर स्कूटर सरळ करत होतो.

तरी मी स्वतःला समजावलं. सहापैकी कुठलाही चालेल. उजवीकडच्या खांबामागे बसलेल्या फादरांची फक्त चप्पल दिसत होती. साधी, काळी, निनावी चप्पल. मी त्या रांगेत उभा राहिलो. रांग सरकली, की मी मागच्याला म्हणे, “तुम्ही व्हा पुढं.” माझ्या बाजूच्या बाकावर एक म्हातारी जपमाळ घेऊन बसली होती. नुकतीच कबुली देऊन आलेली. थोड्या वेळानं तिनं माळ थांबवली.

“भाऊ, तुम्ही मगापासून पाच जनांना पुढं सोडलंत. मी मोजतेय.”

“घाई नाही मला.”

“पाय बघा तुमचे. दाराकडं वळलेत. खून केलाय का कोनाचा?”

मला हसायला हवं होतं. मी टोपी आणखी खाली ओढली. तिनं निरखून पाहिलं आणि बाकावर जरा सरकून जागा केली. “बसा. मी अर्नाळ्याची. मुलानं इकडं अकराव्या मजल्यावर आनून ठेवलंय. मलाही इकडच्या फादरची भीती वाटायची पयल्यांदा. पन आज तुमच्या त्या खांबामागं आलाय ना, तो चांगलाय हो. मधेमधे बोलत नाय.”

“कुठले आहेत ते?” मी विचारलं.

तिनं माझ्या गावचं नाव सांगितलं.

मी उठलो, दाराकडे वळलो, आणि नेमकी तेव्हाच समोरची बाई कबुली संपवून बाजूला झाली. खांबामागून आमचे फादर डोकावले. टोपीनं काही उपयोग झाला नाही. ते हळूच म्हणाले, “या काका. गाडी नीट लावलीत ना?”

पळून जाता आलं असतं. दार वीस पावलांवर होतं. पण मग रविवारी काय सांगणार होतो? मी खुर्चीशेजारी गुडघे टेकले. चिठ्ठी काढली, हातातून पडली, खुर्चीखाली गेली. फादरनी वाकून काढून दिली, न वाचता, उलटी धरून. त्या उलट्या धरण्यानं मला धीर यायला हवा होता. मला वाटलं, आता तर सांगावंच लागणार.

वरची पापं सांगितली. राग. शेजाऱ्याच्या आंब्याबद्दल मत्सर. मग मधली ओळ आली आणि मी ती सोडून खालच्या आळसावर गेलो. चिठ्ठी संपली. फादर उठवत नव्हते, मला उठता येत नव्हतं. शेवटी मी जमिनीकडे बघून म्हणालो, “मी फोन केलाच नव्हता.”

बाकीचं मग आपोआप आलं. मधे मधे थांबत. विहीर, रेंज, तीन खेपा, आई, भाऊ, सिमकार्डं. सिमकार्डांशी आल्यावर फादरांच्या ओठाचा कोपरा हलला आणि मला भयंकर राग आला, आणि मग मीही कसासाच हसलो, आणि लगेच नाक गळायला लागलं.

“वडिलांना संशय आला होता का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेच म्हणत आलो होतो, स्वतःशीसुद्धा. पण तिथं, त्या खांबाशी, मला खिडकी दिसली. त्यांच्या उशाशी असलेली, विहिरीकडे उघडणारी. तीन वेळा मी विहिरीशी उभा होतो आणि तिन्ही वेळा फोन माझ्या खिशात होता. एकदाही कानाला लावला नव्हता. खाटेवरचा माणूस दुसरं काय बघत असणार?

“त्यांनी पाहिलं होतं,” मी म्हणालो. “त्यांना माहीत होतं, फादर.”

“मग काय म्हणाले?”

“राहू दे म्हणाले. बस इथं म्हणाले.”

“आणि?”

“मनगट धरून ठेवलं. शेवटपर्यंत.”

फादर म्हणाले, “तेल त्यांना हवं होतं, काका. ते त्यांना मिळायला हवं होतं. ते काही लहान नाही.” मला वाटलं, आली छडी. “पण तुम्ही घाबरलात हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी तुम्हाला चाकरासारखं बाहेर नाही उभं केलं. शेजारी बसवलं. तुम्ही अठरा वर्षं ज्याच्यापासून लपताय तो तुमच्या वडिलांपेक्षा कोत्या मनाचा असेल असं तुम्हाला का वाटलं?”

मी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली.

प्रायश्चित्त म्हणून चाळीस दिवस माळ जपायला लावतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी एकच प्रार्थना दिली. प्रभूची. “पण इथं नको. बाळाच्या बाप्तिस्म्यात म्हणा, आत उभं राहून, मोठ्यानं. शिट्टी घरी ठेवून या.”

“आणि भावाला सांगू?”

“ते मी प्रायश्चित्त म्हणून लावणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा.”

हे त्यांचं सगळ्यात वाईट वाक्य. लावलं असतं तर त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

ईस्टरनंतर दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा होता. आधीच्या आठवड्यात मी रोज केळीच्या रांगेपर्यंत जाऊन परत येत होतो. भाऊ बघायचा. “काय हरवलंय का?” म्हणून विचारायचा. शुक्रवारी तो पाण्याच्या पाटाशी बसून कोयत्याला धार लावत होता. सांगायला मी ती वेळ निवडली, यावरून माझी अक्कल कळेल. पण दुसरी वेळ येईना.

मी सांगितलं. सगळं, उभ्यानं, श्वास न घेता.

त्याचा हात थांबला. कोयता त्यानं मांडीवर ठेवला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, कोयत्याकडे बघत राहिलो.

“म्हणजे,” तो म्हणाला, “अठरा वर्षं मी त्या कंपनीला शिव्या घातल्या.”

“हो.”

“आई गेली तरी तू बोलला नाहीस.”

“नाही.”

“मी दादरला होतो. मला फोन केला असतास तर मीच फादरना घेऊन आलो असतो.” त्यानं कोयता बाजूला ठेवला. “मला तरी करायचास ना रे.”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो उठला आणि वाडीत आत निघून गेला. शनिवारी तो बोलला नाही. पुतणी येऊन म्हणाली, “काका, पप्पा जेवले नाहीत, काय झालंय?” मी म्हणालो, त्यांनाच विचार. तिनं विचारलं असणार, कारण ती परत आली नाही. रविवारी सकाळी सदरा घालताना मला बटणं लागत नव्हती. बायकोनं लावून दिली. मी म्हणालो, “फाटकावरूनच परत पाठवतील.”

“पाठवलं तर पाठवलं,” ती म्हणाली. “आधी फाटकापर्यंत तर चला.”

कुणी परत पाठवलं नाही. कुणी या असंही म्हणालं नाही. भाऊ बाप्तिस्म्याच्या कुंडापलीकडे उभा होता, माझ्याकडे न बघता. फादरनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, बाळ किंचाळलं. मग माझ्या हातात मेणबत्ती दिली, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून आणायची. पेटवली. मी वळलो तशी ज्योत आडवी झाली, विझायला आली, आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

“पंख्याकडे पाठ कर, मूर्खा,” भाऊ दातांतून म्हणाला.

दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी पाठ केली. तो कुंडाला वळसा घालून आला आणि माझ्या बाजूला उभा राहिला. खांद्याला खांदा लागला नाही, तेवढं अंतर त्यानं ठेवलंच.

मग आम्ही वेदीपाशी गेलो. फादर म्हणाले, हे मूल आता देवाला बाप म्हणणार आहे, पण त्याला अजून बोलता येत नाही. तेव्हा त्याच्या वतीनं आपण म्हणू या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती. विहिरीपाशी जशी भीती वाटली होती अगदी तशीच आता वाटत होती, तसूभरही कमी नाही. मला वाटलं होतं कबुली दिल्यावर ती जाईल. ती गेली नव्हती.

प्रार्थना सुरू झाली. पहिल्या शब्दाला माझा आवाजच फुटला नाही. शेजारी भाऊ म्हणत होता, घोगऱ्या आवाजात, आणि तो एका श्वासापुरता थांबला. माझ्यासाठी थांबला की त्यालाही जड जात होतं, मला आजही माहीत नाही. मी त्या श्वासात शिरलो.

‘बापा’ म्हणालो. जरा जास्तच मोठ्यानं. पहिल्या बाकावरचं एक मूल दचकलं.